बार्नासनबाईंच्या गाडीतलं लाल लेदर

६ मे

आज बार्नासनबाईंनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावलं आणि गाडीवरचं कापड ओढून काढलं. पांढरी लिंकन, बोटीसारखी लांब, आतून सगळी लाल लेदरची. बाईंचे यजमान मॅग्नस बार्नासन रविवारी चर्चला ही गाडी घेऊन यायचे तेव्हा अर्धं गाव पायऱ्यांवर रेंगाळायचं, त्यात मी पहिला. मॅग्नस जाऊन दोन हिवाळे झाले. तेव्हापासून गाडी अंधारातच आहे.

लेदरची अवस्था बघवेना. ड्रायव्हरच्या सीटवर कोरड्या तळ्यासारख्या बारीक भेगा. मागच्या सीटच्या शिवणीत धूळ इतकी, की गहू पेरावा.

बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, उंच आणि ताठ. काठी हातात असते, पण ती टेकण्यापेक्षा दाखवायलाच जास्त वापरतात. म्हणाल्या, "माझे डोळे आता रस्त्याच्या कामाचे नाहीत, ऑर्व्हिल. गाडी योग्य हातांत जायला हवी. पण अशी भेगाळलेली कुणाला कशी द्यायची?" हे म्हणताना त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. स्पष्ट बघत होत्या.

मी म्हणालो, "सीटांचं माझ्याकडे लागलं."

घरी बायकोला, व्हर्नाला सांगितलं. ती बटाटा भरून उकडायच्या पेरोगींची कणीक लाटत होती. "बाईंनी तुला गाडी देते म्हटलं?"

"शब्दांत नाही."

"मग कशात?"

"नजरेत."

व्हर्नानं मान खाली घालून लाटणं चालू ठेवलं. तिचे खांदे हलत होते. परवापासून सर्दी आहे म्हणत होती, तीच असावी.

९ मे

काम सुरू. आधी मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमनं धूळ काढली. मग खोगिराचं चामडं धुवायचा साबण, कोमट पाण्यात फेस करून. फेस लावायचा, पाणी नाही. लेदर भिजलं की सुकताना आखडतं. घोड्याच्या केसांच्या ब्रशनं गोल गोल, हलक्या हातानं, हातभर जागा झाली की ओल्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच कोरड्यानं. फडकं चहासारखं तपकिरी निघालं. म्हणजे जो रंग मी आजवर लेदरचा समजत होतो तो निम्मा मॅग्नसचा होता.

खालून खरं लाल वर आलं तेव्हा मी कुणी बघत नाही ना हे पाहून त्यावर गाल टेकला. आयुष्यभर धान्याच्या कोठाराचा मॅनेजर होतो, कापडी सीटांच्या गाड्या चालवल्या. माणसाला एक तरी गोष्ट हक्कानं आवडायला हवी.

१४ मे

चूक झाली, लिहून ठेवतो. साबणानंतर लेदरला ओलावा द्यायला क्रीम लागतं, ते ब्रँडन शहरातून यायला वेळ होता. मी स्वयंपाकघरातलं ऑलिव्ह तेल लावून पाहिलं. नशीब, सीटच्या मागच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी. दोन दिवसांत तिथं चिकट झालं आणि माशी बसली.

बाई दारातून म्हणाल्या, "ऑर्व्हिल, आत सॅलड केलंयस का?"

ते सगळं पुन्हा साबणानं काढलं. क्रीम आल्यावर पातळ थर दिला, जिरू दिला, उरलेलं पुसलं. भेगा गेल्या नाहीत, पण मऊ पडल्या. बाईंनी बोट फिरवून पाहिलं. म्हणाल्या, "तुझ्या हाताला लेदर कळतं." हे वाक्य मी घरी येताना तीन वेळा स्वतःशी म्हटलं.

२० मे

बाईंच्या अंगणातून क्लिफर्ड स्टेफान्सन बाहेर येताना दिसला. ट्रॅक्टर दुरुस्तीत आयुष्य गेलेला माणूस, कोपरापर्यंत काळा. मी विचारलं, "इकडे कुठं?"

"बाईंची गवत कापायची मशीन बघायला. आणि तू?"

"बाईंच्या वाफ्यातला रूबार्ब न्यायला, मुरंब्यासाठी," मी म्हणालो. माझ्या हातात ब्रश होता.

"हो, रूबार्ब घासूनच घ्यावा," क्लिफर्ड म्हणाला आणि गेला.

एका मशीनसाठी इतका वेळ. म्हाताऱ्या बायका गरीब बिचाऱ्या पुरुषांना कसं राबवून घेतात.

२ जून

ड्रायव्हरची सीट पुढे सरकवलेली सापडली. मी मागे केली. मंगळवारी पुन्हा पुढे. बाईंची उंची कमी होत चाललीय का? वयात होतं असं. त्यांना वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही.

७ जून

व्हर्नानं जीन्स घेतली. चौसष्टाव्या वर्षी. गडद निळी, नवी कोरी, चालताना आवाज करणारी. मी म्हणालो, "आता हे काय?"

"बसायला बरी पडते."

"कुठं बसायला?"

"खुर्चीत, ऑर्व्हिल. लोक खुर्चीत बसतात."

सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी ती चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते. गालांना ऊन लागून येते. चर्चच्या तळघरात खिडक्या नाहीत, पण मी त्यात पडलो नाही. मला स्वतःची व्यवधानं कमी नाहीत.

जेवताना तिनं विचारलं, "लांब रस्त्यावर गाडी किती वेळानं थांबवावी?" मला असे प्रश्न आवडतात. मी तिला टायरची हवा, डोंगरात उतारावर ब्रेक कसा जपायचा, ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं, सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "या वर्षी समुद्र बघायला जायचं का?"

"छप्पर झालं की," मी म्हणालो.

ती ताटं उचलायला लागली.

१५ जून

घात. ड्रायव्हरच्या सीटवर निळे डाग. बसायच्या जागी, दोन मांड्यांचे, आणि कडेला चढता-उतरताना घासल्याचा एक पट्टा. नव्या कापडाचा रंग घामानं आणि उबेनं लेदरमध्ये उतरतो, मग तो काढणं म्हणजे जिवावरचं काम. जोरात घासावं तर वरचा रंगच निघतो. अख्खी दुपार मी नाणंभर जागा घेऊन फेस लावत, टिपत, पुन्हा फेस लावत बसलो. मान आखडली.

बाई लोकरी स्कर्ट घालतात, करडे. म्हणजे तिसरंच कुणीतरी या सीटवर बसतंय. गावात निळ्या कपड्यांत फिरणारा माणूस एकच: क्लिफर्ड, त्याच्या ढगळ विजारीत.

१६ जून

क्लिफर्डला बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या क्लबात, कॉफीच्या टेबलावर गाठलं. सरळ विचारलं, "तू लिंकनच्या सीटवर बसतोस का?"

"मी कशाला सीटवर बसू? मी खाली असतो," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. मार्चपासून तो त्या गाडीचं इंजिन करतोय. कार्ब्युरेटर उघडला, पट्टे बदलले, ब्रेक नवे केले. बाई त्याला म्हणाल्या होत्या की गाडी योग्य हातांत जायला हवी.

पलीकडच्या टेबलावरून बेसिल ह्रिंचुक, आमचा न्हावी, कप घेऊन उठून आला. "तुम्हालाही हेच म्हणाल्या?" त्यानं दर रविवारी बाहेरचा पांढरा रंग आणि क्रोम घासून आरसा केलाय. चर्चनंतर तो कुठं जातो हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला वाटतं दुसरी बाई आहे.

क्लिफर्ड म्हणाला, "म्हणजे बाई आपल्या तिघांना खेळवतायत."

"तसं दिसतं," बेसिल म्हणाला.

दोघांची दया आली. इंजिन आणि पत्रा ही बाहेरची कामं झाली, ती कुणाकडूनही करून घेता येतात. गाडीत माणूस बसतो ते लेदरवर. हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. उठताना ते दोघंही माझ्याकडे दयेनं बघत होते, ते का, कळलं नाही.

डाग कुणाचे, हा प्रश्न राहिलाच.

२४ जून

बाईंनाच विचारलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तरुण मैत्रीण येते कधी कधी. बसतो आम्ही गाडीत."

"कोण तरुण?"

"माझ्या वयाला सगळेच तरुण, ऑर्व्हिल. डाग पडूच नयेत असं काही करता येतं का?"

येतं. मी त्यांना सांगितलं की स्वच्छ, कोरड्या लेदरवर एक संरक्षक थर देतात. रात्रभर वाळू द्यायचा, मग दुसरा थर. रंग वरच राहतो, ओल्या फडक्यानं निघतो. काचेला उन्हाचा पडदा लावायचा. आणि गाडीत खाणं बंद. बाईंनी काठी जमिनीवर आपटली. "खाणं बंद. हे मला आवडलं."

२७ जून

दोन्ही थर दिले. वाळल्यावर दार उघडून नुसता बघत उभा राहिलो. मंद चमक, तेलकट नाही. आत साबणाचा, क्रीमचा वास, आणि कुठूनसा लव्हेंडरचा. व्हर्नाच्या हाताच्या क्रीमचा असतो तसाच. क्रीम सगळी एकाच कारखान्यात बनत असावीत.

व्हर्ना संध्याकाळी म्हणाली, "तो थर खरंच टिकतो? समजा कुणी जीन्स घालून दिवसभर बसलं तर?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामात तिनं आपणहून रस घेतल्याचं आठवत नाही. मला भरून आलं. टिकतो म्हणालो, फक्त संध्याकाळी फडकं मारावं. ती म्हणाली, "लक्षात ठेवते."

३० जून

उद्या एक जुलै, कॅनडा दिन. मिरवणुकीत लिंकन निघणार. बाई म्हणाल्या, "टाय लावून ये, ऑर्व्हिल. उद्या सगळ्यांना कळेल गाडी कुणाची." टायला इस्त्री केली. किल्ली हातात आल्यावर काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. थोडक्यात आणि साधं असावं. क्लिफर्डचं तोंड कसं होईल या विचारानं झोप लागेना, आणि त्याची लाजही वाटली. थोडीच.

व्हर्ना आज दिवसभर कपाटं उघडझाक करतेय.

१ जुलै

जसं घडलं तसं लिहितो.

मी टाय लावून मेन स्ट्रीटवर बँकेसमोर उभा होतो. शेजारी क्लिफर्ड, टाय लावून. त्याच्या शेजारी बेसिल, टाय आणि फूल. तिघं एकमेकांचे टाय बघत होतो. पुढे अग्निशमनचा बंब गेला, मग शाळेचा बँड, आणि बँडच्या मागे लिंकन आली. क्रोममध्ये सगळा रस्ता दिसत होता. इंजिनाचा आवाज मांजराच्या घुरघुरीइतका. काचा खाली होत्या आणि आतलं लाल असं दिसत होतं की लोकांनी बोटं दाखवली.

बाई डाव्या बाजूला, ड्रायव्हरच्या सीटवर नव्हत्या. त्या उजवीकडे हॅट घालून बसल्या होत्या. स्टिअरिंगवर व्हर्ना होती.

मला आधी वाटलं, मिरवणुकीपुरती बसवली असेल. मी कडेनं चालत खिडकीपाशी गेलो. गाडी बँडच्या चालीनं, म्हणजे माझ्याच चालीनं जात होती.

"व्हर्ना, तू काय करतेयस?"

"गाडी चालवतेय. पाय सांभाळ, चाकाखाली येईल."

"तुला एवढी मोठी गाडी येते कुठं?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी येते," ती म्हणाली. नजर समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिनं ती जीन्स घातली होती.

बँडनं नवी धून धरली म्हणून मला ओरडावं लागलं. "गोधड्यांचं काय?"

"कसल्या गोधड्या," बाई आतून म्हणाल्या. "ऑर्व्हिल, बाजूला हो, माझ्याकडचं ऊन अडवतोयस."

"फ्रीजरमध्ये पेरोगी आहेत," व्हर्ना म्हणाली. "उकळत्या पाण्यात टाक, वर आल्या की काढ. आंबट मलई दारातल्या कप्प्यात. आम्ही समुद्रावर चाललोय."

"कुठल्या?"

"पश्चिमेच्या. पोचलो की फोन करते."

मला वाटलं ती थट्टा करतेय. मेन स्ट्रीटच्या टोकाला मिरवणूक डावीकडे हॉलकडे वळते, तिथं सगळ्यांना पॅनकेक असतात. बंब वळला. बँड वळला. लिंकन सरळ गेली. धान्याच्या कोठाराजवळ तिनं हायवेला लागायचा दिवा दिला, नीट थांबली, दोन्हीकडे बघितलं, आणि गेली. पुढे एक ट्रक होता, त्याच्या मागे तिनं मी शिकवल्याप्रमाणे अंतर ठेवलं होतं.

मागून क्लिफर्ड आला. रस्त्याकडे बघत म्हणाला, "ब्रेक मी असे केलेत की रॉकी पर्वत उतरला तरी तापणार नाहीत." आणि मग, "आपण गाढव आहोत रे."

२ जुलै

पेरोगी फुटल्या.

३ जुलै

राग आला आहे असं लिहिणार होतो, पण घरात कुणी ऐकायला नसलं की रागाला धार येत नाही. दुपारी क्लिफर्ड आणि बेसिल आले. उरलेल्या पेरोगी खाल्ल्या. बेसिलनं बायकोला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, दुसरी बाई असती तर निदान सांगायला तरी बरं होतं.

ते गेल्यावर मी छपराकडे बघत अंगणात उभा राहिलो. दर वर्षी ती समुद्र म्हणाली आणि दर वर्षी मी छप्पर म्हणालो. छप्पर अजून तसंच आहे. गळतही नाही, खरं सांगायचं तर.

मला गाडी हवी होती की मला गाडीत बघून लोकांनी थांबायला हवं होतं, हे नीट ठरवता येत नाही. व्हर्नाला बघून थांबले मात्र. मीसुद्धा.

४ जुलै

फोन आला. कॅल्गरीहून. बाईंना तिथला घोड्यांचा मेळा बघायचाय म्हणून थांबल्यात.

पहिलं वाक्य: "सीट उन्हानं चटके देतेय. क्रीम लावू?"

"अजिबात नको, गरम लेदरला क्रीम लावू नकोस. सावलीत घे, गार होऊ दे, मग ओल्या फडक्यानं पूस. पडदा लावतेस ना?"

"लावते. निळं पडलं नाही, बरं का. दोन दिवस बसलेय, पुसलं की साफ."

मी मग विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मी चालवतो."

खोटं नव्हतं ते. मी विचारलं, "गाडी बाईंनी कुणाला द्यायची ठरवलीय?"

पलीकडे कुजबुज झाली. "एप्रिलमध्येच दिली. कागद माझ्या नावावर आहेत. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे ना, तेव्हा. मीच म्हटलं त्यांना, लेदर फार वाईट झालंय, मला एक माणूस माहीत आहे."

मी खुर्चीत बसलो. म्हणजे मे महिन्यात मी गाल टेकला ते माझ्याच घरच्या गाडीला.

"व्हर्ना," मी म्हणालो, "मागची सीट रिकामी आहे का?"

पुन्हा कुजबुज. मग बाईंचा आवाज, फोनपासून लांब पण काठीसारखा सरळ: "येऊ दे. पण मागे बसायचं. रस्ता सांगायचा नाही. आणि खाणं बंद, त्यानंच नियम केलाय."

"ऐकलंस?" व्हर्ना म्हणाली.

"ऐकलं."

"मग ब्रँडनहून बस पकड. आणि टाय नको आणूस."

७ जुलै, गाडीत

मागच्या सीटवरून लिहितोय, अक्षर हलतंय. बसचा प्रवास वाईट झाला, पण स्टँडवर लिंकन उभी होती आणि कॉलेजची दोन पोरं तिच्या सीटा बघत काचेला नाक लावून होती. व्हर्ना बोनेटला टेकून उन्हात उभी होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. मग तिनं डिकी उघडून दिली, मी बॅग टाकली आणि मुकाट्यानं मागे जाऊन बसलो.

डोंगर सुरू झालेत. व्हर्ना कोपर खिडकीबाहेर ठेवून चालवते. वळणावर थोडी आधी वेग कमी करायला हवा, पण मी बोललो नाही. एकदा घसा खाकरला तर बाईंनी आरशातून बघितलं.

बाईंनी मॅग्नसबद्दल सांगितलं. तोही दर वर्षी समुद्र म्हणायचा, आणि त्याच नको म्हणायच्या, एवढ्या चांगल्या सीटा वाळूनं खराब होतील म्हणून. व्हर्नानं हात लांब करून त्यांचा हात थोपटला आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला.

मागची सीट छान झालीय. शिवणी स्वच्छ, कुठं धूळ नाही. इथून पहिल्यांदाच नीट दिसतेय. काम करताना मी गुडघ्यांवर असायचो, बसलो असा कधी नव्हतोच.

थोड्या वेळानं

बाई झोपल्या. मला सकाळपासून भूक. पेट्रोल भरताना मी एक सँडविच घेऊन कोटात ठेवलं होतं, ते हळूच काढलं. वळण आलं. मोहरीची चटणी सीटवर, अगदी मधोमध, पिवळीधमक.

थर दिलेला आहे, पुसलं की जाईल. फडकं पुढे, व्हर्नाच्या पायाशी आहे. मागायचं तर सांगावं लागेल.

मी गुडघा सरकवून त्यावर ठेवलाय आणि खिडकीबाहेर बघतोय.

"मागे कसला वास येतोय, ऑर्व्हिल?" व्हर्ना विचारतेय.

"पाइनच्या झाडांचा," मी म्हणालो. "काय सुंदर चालवतेस गं तू."

आरशात तिचे खांदे हलताना दिसतायत. सर्दी अजून गेलेली नाही, बहुतेक.